मामा .308 घरी भरतात, मग लेकीची .22 का नाही?

नाशिकच्या एका वडिलांचा प्रश्न आहे. मुलगी 17 वर्षांची, क्लबच्या .22 रायफलने 50 मीटर प्रोन, म्हणजे पोटावर झोपून, मारते. वर्षभर 60 शॉटला 606 च्या आसपास अडकली आहे (दशांश मोजणीत, एका शॉटला जास्तीत जास्त 10.9). तिचे मामा टेक्ससला असतात, .308 ची काडतुसं स्वतः भरतात. ते म्हणतात, विकतचा माल सोडून हाताने भरायला लागल्यापासून त्यांचा ग्रुप, म्हणजे टार्गेटवरचा गोळ्यांचा पसारा, निम्म्यावर आला. मग मुलीच्या .22 साठी तसं काही करता येईल का, आणि लागणारं सामान मामा दिवाळीला येताना आणू शकतील का?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. पण मामा थापा मारत नाहीत. त्यांच्या रायफलला जे लागू पडतं त्यातलं सामान तुमच्या उपयोगाचं नाही, त्यामागचा विचार मात्र पुरेपूर उपयोगाचा आहे. 2024 मध्ये स्वप्नील कुसाळेला पॅरिसला 50 मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ मिळाल्यापासून असे प्रश्न मला महिन्याला दोन-तीन तरी येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मामांचं काय चालतं ते बघू. .308 हे सेंटरफायर काडतूस. त्याच्या तळाला मधोमध एक छोटी टोपी बसवलेली असते, तो प्रायमर. गोळी उडाली की जुना प्रायमर दाबून बाहेर काढता येतो, नवा बसवता येतो, आणि पितळी पुंगळी पुन्हा कामाला येते. मामा पुंगळ्यांची लांबी सारखी करतात, मान सारखी आवळतात, दारू तराजूवर तोलून घालतात आणि बुलेट किती खोल बसवायची ते ठरवतात. लोकांना वाटतं जास्त दारू घातली की नेम चांगला लागतो. तसं नसतं. उलट टार्गेटवाले बहुतेक वेळा कमाल मर्यादेच्या बरंच खाली थांबतात. फायदा होतो तो दोन कारणांनी. एक म्हणजे पहिला राउंड (भरलेलं काडतूस) आणि पन्नासावा राउंड जुळ्या भावांसारखे निघतात. दुसरं म्हणजे भरताना एकच विशिष्ट बॅरल डोळ्यांसमोर असते. कारखाना हजारो रायफलींना चालेल असा माल काढतो, मामा एकाच रायफलच्या आवडीनुसार काढतात. 300 मीटर मारणाऱ्यांमध्ये, लांब पल्ल्याच्या आणि बेंचरेस्टच्या, म्हणजे रायफल टेबलावर टेकवून मारणाऱ्या, मंडळींमध्ये हे जगभर चालतं आणि त्यात तथ्य आहे.

आता रेंजवरून .22 ची उडवलेली एक पुंगळी उचलून हातात घ्या. तळाला टोपी दिसणार नाही, कारण ती नसतेच. कडेला एक चपटी खूण दिसेल, पिन आदळल्याची. ही रिमफायर. पितळेचा पत्रा दुमडून जी पोकळ कड तयार होते, तिच्या आत कारखान्यात स्फोटक मिश्रण बसवलेलं असतं. पिन ती कड चेचते आणि दारू पेटते. एकदा चेचलेली कड सरळ होत नाही आणि आतलं मिश्रण घरी पुन्हा भरता येत नाही. शिवाय .22 ची शिशाची गोळीसुद्धा वेगळ्या ठेवणीची. तिचा बाहेरचा व्यास पुंगळीइतकाच असतो, मागची बारीक टाच तेवढी आत जाते, वरून मेणासारखं वंगण लावलेलं. मामांच्या काडतुसं भरायच्या प्रेसवर यातलं काहीच बसत नाही. सीलबंद राउंडची गोळी उपटून दारू कमी-जास्त करायचे उद्योग मी एका हुशार इंजिनिअरला करताना पाहिले आहेत. त्यातून त्याला मिळालं काय, तर तिरक्या बसलेल्या गोळ्या आणि टार्गेटभर शिंतोडे. जवळून बार उडाला नाही हे नशीब.

कायद्याचं एका वाक्यात सांगतो: शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 प्रमाणे दारूगोळा बनवायला परवाना लागतो, आणि खेळाडू म्हणून राउंड बाळगायची परवानगी म्हणजे बनवायची परवानगी नव्हे. हा विषय इथेच सोडू.

तर .22 वाला माणूस मामांसारखं भरू शकत नाही, तो फक्त निवडू शकतो. आमच्याकडे याला लॉट टेस्टिंग म्हणतात. एकाच ब्रँडचा, एकाच किमतीचा माल असला तरी प्रत्येक लॉट, म्हणजे एका खेपेत बनलेला माल, थोडा वेगळा असतो: पितळाची वेगळी बॅच, दारूची वेगळी बॅच, मशीनची त्या आठवड्यातली सेटिंग. एले या काडतुसांच्या कंपनीच्या पाकिटावर लॉट क्रमांकासोबत वेगाचा आकडाही छापलेला असतो, फूट प्रतिसेकंदात. पहिल्या फळीचे नेमबाज आपली बॅरल घेऊन कारखान्याच्या टेस्ट रेंजवर जातात, एलेच्या बर्मिंगहॅमजवळच्या किंवा लापुआ या दुसऱ्या कंपनीच्या, जर्मनीत शोनेबेकला असलेल्या. तिथे बॅरल शिकंज्यात पकडून एकामागून एक लॉट मारून बघतात आणि जो जमला त्याचा वर्षभराचा साठा उचलतात. तुमच्या मामांनी गॅरेजमध्ये जे साधलं तेच हे, वाट तेवढी उलटी. तिथे बॅरलसाठी राउंड घडतो, इथे बॅरलसाठी राउंड शोधला जातो.

सारखेपणाने नेमका किती फरक पडतो त्याचा हिशेब कागदावर करून बघण्यासारखा आहे. .22 ची 40 ग्रेनची, म्हणजे 2.6 ग्रॅमची गोळी बॅरलमधून साधारण 325 मीटर प्रतिसेकंद वेगाने निघते. आवाजाच्या वेगापेक्षा मुद्दाम थोडी हळू, म्हणजे वाटेत तो उंबरठा ओलांडायची भानगड नको. 50 मीटर जायला तिला अंदाजे 0.16 सेकंद लागतात आणि तेवढ्यात ती सुमारे 12 सेंटिमीटर खाली पडते. हे पडणं साईटमध्ये धरलेलंच असतं, त्यामुळे दिसत नाही. पण एक राउंड 10 मीटर प्रतिसेकंदाने हळू निघाला, म्हणजे वेग 3 टक्क्यांनी घटला, की पडणं 6 टक्क्यांनी वाढतं. ते होतात सात-साडेसात मिलिमीटर. 50 मीटर टार्गेटवर दर गुणाच्या रिंगची रुंदी 8 मिलिमीटर असते. म्हणजे मुलीने सगळं अचूक केलं तरी एका आळशी राउंडने जवळजवळ अख्खा गुण खाल्ला, आणि ती बिचारी ट्रिगरला दोष देत बसणार.

इथे एक गोम आहे. काही बॅरल कंपनामुळे गोळी सुटायच्या क्षणी वर जात असतात. हळू राउंड उशिरा सुटतो म्हणून किंचित वरच्या कोनात सुटतो आणि पडण्याची भरपाई आपोआप होते. त्यामुळे क्रोनोग्राफवर, म्हणजे वेगमापकावर, वेग सारखा दिसतो म्हणून तो लॉट तुमच्या बॅरलला चांगला, असं धरून चालू नका. वेगमापकावर सामान्य वाटलेला लॉट टार्गेटवर देखणा निघाल्याचं मी दोनदा पाहिलंय. शेवटी कागद सांगेल ते खरं.

पण कागदाला नीट विचारावं लागतं, आणि इथेच मी स्वतः जोरात आपटलो होतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडे चार लॉट होते. मी प्रत्येकाचे पाच-पाच शॉट मारले. एकाचा ग्रुप असा आला की पाच गोळ्यांचं मिळून एकच भोक. मी हुरळून गेलो, होता नव्हता तेवढा पैसा घालून त्याच लॉटचे दहा कार्टन उचलले. पुढच्या महिन्यात सरावात नऊला जाणारे शॉट वाढले. जॅकेट बदललं, स्लिंग बदलली, गाल टेकवायचा तुकडा खाली-वर केला. शेवटी शिकंजा मागून आणला आणि त्याच लॉटचे 40 शॉट मारले, तेव्हा कळलं की तो देखणा ग्रुप निव्वळ नशिबाचा होता. चारातला सगळ्यात वाईट लॉट मी घरी आणला होता. पाच शॉट फार थोडे. एकच लॉट एकदा 6 मिलिमीटरचा ग्रुप देतो आणि लगेच 12 चा, दोन्ही तितकेच खरे.

म्हणून टेस्ट अशी करा. 10 शॉटचा एक ग्रुप, असे प्रत्येक लॉटचे चार. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर चाळीसही शॉट एकावर एक ठेवून बघा. कागद असेल तर दर ग्रुपला नवा कागद. एका लॉटचे चाळीस संपवून मग दुसरा असं करू नका, कारण सकाळी साडेसातची स्तब्ध हवा आणि साडेनऊचं ऊन-वारं यात तुम्ही लॉट मापत नाही, हवामान मापता. एक मीटर प्रतिसेकंदाचा आडवा वारासुद्धा .22 ला 50 मीटरवर पाचेक मिलिमीटर ढकलतो, आणि तेवढा वारा गालाला जेमतेम जाणवतो. लॉट आलटून पालटून मारा, आणि दर बदलाला मध्ये 15-20 राउंड नुसते मातीत घाला. प्रत्येक ब्रँडचं वंगण निराळं असतं. आधीच्या वंगणाचा थर जाऊन नव्याचा बसेपर्यंत बॅरल स्थिर होत नाही. रायफल क्लबची आहे म्हणालात म्हणून हे ठासून सांगतो: सकाळच्या बॅचने तिच्यातून कुठला माल मारला ते रोज विचारा. मुलीचे साईटर, म्हणजे मॅचआधीचे नेम जुळवायचे शॉट, का पळतात याचं उत्तर कधीकधी तिथेच सापडतं.

शिकंजा नसेल तर पुढे-मागे वाळूच्या पिशव्या टेकवून, क्लबमधल्या सर्वांत स्थिर हाताच्या माणसाकडून मारून घ्या. मुलीकडून नको. टेस्टच्या दिवशी तिला चांगला लॉट कुठला हे आधीच ठाऊक असलं, तर तो चांगलाच येईल.

आता कळीचा प्रश्न, एवढा खटाटोप करून 606 चे किती होतील? टेनच्या रिंगचा व्यास 10.4 मिलिमीटर, गोळीचा 5.6, आणि गोळीची कड रिंगला शिवली तरी दहा मिळतात. म्हणजे गोळीचा मध्य 16 मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळात राहिला की टेन. 2010 मध्ये म्युनिकला कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने विश्वविजेतेपद मिळवताना तेव्हाच्या पूर्णांकी मोजणीत (शॉटला जास्तीत जास्त 10) 600 पैकी 597 मारले, त्याचा अर्थ जवळजवळ सगळे शॉट या एवढ्याशा वर्तुळात.

तुमच्या मुलीची सरासरी 10.1, म्हणजे तिचे शॉट मध्यापासून सरासरी 7 मिलिमीटरवर पडतात. या सातात तिचा वाटा आहे आणि राउंडचाही. पण हे वाटे सरळ बेरजेने जुळत नाहीत, काटकोन त्रिकोणाच्या बाजूंसारखे जुळतात: वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा. समजा सध्याचा लॉट शिकंज्यात 10 शॉटला 16 मिलिमीटरचा ग्रुप देतो, मध्य ते मध्य. त्याचं मध्यापासूनचं सरासरी अंतर येतं 5.2 च्या आसपास. साताचा वर्ग 49, त्यातून 27 गेले, उरले 22, म्हणजे मुलीचा स्वतःचा वाटा 4.7. आता लॉट बदलून 10 मिलिमीटरचा मिळाला, सरासरी अंतर 3.3. तर एकूण अंतर 7 वरून 5.7 वर येतं. शॉटमागे 0.15 गुण, 60 शॉटला नऊ. थेट 615! पण सध्याचा लॉट आधीच 12 मिलिमीटरचा असेल, तर तोच बदल केल्यावर हाती लागतात दोन ते अडीच गुण.

अडीच गुण काही कमी नाहीत. 2012 ला लंडनमध्ये जॉयदीप कर्माकर याच प्रोनमध्ये चौथे आले, तेव्हा ब्राँझ 1.9 गुणांनी लांब राहिलं होतं. पण तुमच्या घरी हा हिशेब आधी व्हायला हवा, कारण या दोन शक्यतांमध्ये खर्च सारखाच आणि फळ चौपट कमी. म्हणून नवे लॉट मागवण्याआधी हातात आहे तो लॉट मोजा. त्याला लागतील 60 राउंड आणि एक सकाळ.

राउंड तोलून वेगळे काढायचा प्रकार पुष्कळ जण करतात, तुम्हालाही कोणीतरी सुचवेलच. माझं मत विचाराल तर चांगल्या मालात त्याचा उपयोग फार थोडा. अख्ख्या राउंडचं वजन सव्वातीन ग्रॅमच्या पुढे, त्यात दारू ग्रॅमच्या दहाव्या हिश्शाच्या आतबाहेर. वजन कमी भरलं तर कमी काय आहे: पितळ, शिसं, की दारू? तराजू सांगत नाही. कडेची जाडी मापून वर्गवारी करणं त्यापेक्षा जरा बरं, कारण पिन त्या कडेवरच आदळते. सरावाच्या स्वस्त मालातून उगाच उडणारे दोन-चार शॉट त्याने गळतात, मॅचच्या मालाला मात्र ते काम कारखान्याने करून दिलेलं असतं. संध्याकाळचा तो एक तास मुलीने ड्राय फायरला, म्हणजे राउंड न घालता सरावाला, दिला तर मी म्हणेन पैसे वसूल.

उन्हाकडे मात्र आपण फारच दुर्लक्ष करतो. मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवलेल्या पाकिटातलं वंगण पाघळतं, गोळीच्या एका बाजूला जमतं, आणि थंड झालं तरी पुन्हा सारखं पसरत नाही. असा माल मी सरावालाही देत नाही. रेंजवर पाकीट सावलीत ठेवायचं, उघडा ट्रे उन्हात नाही. आणि वारा पडायची वाट बघताना बोल्ट बंद करून राउंड तापलेल्या चेंबरमध्ये मिनिट-मिनिट शिजत ठेवायचा नाही. मुलं हे हमखास करतात. तिला सांगा, वारा वाचून होईपर्यंत राउंड बाहेर, मग आत घालून लगेच मारायचा. जास्त वेळ राहिलाच तर काढून दुसरा घाल.

लॉटवर संशय घ्यायच्या आधी रायफलीकडेही एकदा बघा. स्टॉकला (खांद्याला टेकवायच्या सांगाड्याला) ॲक्शन (बोल्ट बसतो तो भाग) धरून ठेवणारे स्क्रू क्लबच्या रायफलीत ज्याने त्याने अंदाजाने पिळलेले असतात. ते कंपनीने दिलेल्या न्यूटन-मीटरच्या आकड्यावर, दोन्ही सारखे हवेत. एक सैल, एक घट्ट असेल तर जगातला सर्वोत्तम लॉटही दोन तुकड्यांत ग्रुप देतो, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता टेस्टला बसण्याआधी पहिला हात तिकडेच जातो. चेंबरच्या तोंडापुढे काजळीचं कडं जमतं, तेही बघा. सफाई मागून, बोअर गाईड (दांडा मधोमध धरणारी नळी) लावूनच करायची. पुढून दांडा घातला तर मझलची, म्हणजे बॅरलच्या पुढच्या तोंडाची, कड जाते, आणि गेलेली कड परत येत नाही.

मुलगी 10 मीटर एअर रायफलही मारत असेल तर तिच्या छऱ्याला, म्हणजे पेलेटला, हाच नियम लागू आहे, फक्त तिथे पेलेटच्या डोक्याचा व्यास 4.49, 4.50, 4.51 असा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात निवडायचा. तिथला टेनचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, त्यामुळे चोखंदळपणा परवडतो, आणि पेलेटही तुलनेने स्वस्त.

राहिले मामा. त्यांनी दारू, प्रायमर, पुंगळ्या, बुलेट यांतलं काहीही आणू नये. आणायचंच असेल तर ॲक्शन स्क्रूसाठी एक चांगला टॉर्क ड्रायव्हर आणि रिमची, म्हणजे कडेची, जाडी मापायचा गेज आणू द्या, ही साधी हत्यारं आहेत. आणि त्यांना आजच फोन करून सांगा की ज्या बॅगेत ते रेंजचं सामान नेतात ती बॅग, ते जॅकेट प्रवासाला घेऊ नका. कोपऱ्यात विसरलेलं एक जिवंत काडतूस विमानतळाच्या स्कॅनरवर दिसलं तर गुन्हा दाखल होतो, आणि रिकामी पुंगळी निघाली तरी दोन तास त्यांना तिथेच उभं राहून ती कशाची आहे ते समजावत बसावं लागेल.